टनिक्लिफांचं नाक

रविवारचं जेवण उरकून अँब्रोज टनिक्लिफ वर आडवे व्हायला गेले आणि त्यांच्यामागोमाग डॉर्कसबाईही गेल्या. जिन्यावरची पावलं थांबल्याची खात्री करून घेतल्यावर ऑगस्टाने आवाज खाली आणून सांगितलं, "ममांच्या तोंडाला बिअरचा वास येतो."

अक्रोड फोडणारा तिच्या नवऱ्याचा, रूबेनचा हात थांबला. खिडकीत बसलेली त्याची धाकटी बहीण टॅबिथा मात्र हसली. हसण्यासारखंच होतं ते. आल्डर्सफर्डमधलं अर्धं गाव टनिक्लिफांच्या कारखान्यात बिअर गाळत होतं, उरलेलं अर्धं ती पीत होतं, आणि या सगळ्याच्या मालकिणीने जन्मात तिचा थेंब ओठाला लावला नव्हता. डॉर्कसबाई चॅपलच्या, म्हणजे थोरल्या चर्चपासून वेगळ्या झालेल्या कडक पंथातल्या. मुलगी असतानाच त्यांनी पाद्रीबाबांसमोर दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती. पुढे लग्न केलं ते नेमकं बिअरवाल्याशी. त्यापायी वडील कायमचे तुटले, पण शपथ तुटली नाही. नवरा रविवारी टेकडीवरच्या थोरल्या चर्चमध्ये जाई, त्या उतारावरच्या चॅपलमध्ये. दुपारी दोघं एकाच टेबलाशी बसत. त्यांच्यापुढे बिअरचा चषक असे, यांच्यापुढे पाण्याचा पेला. या व्यवस्थेबद्दल घरात कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"हसू नकोस," ऑगस्टा म्हणाली. "काल गालाला गाल लावताना मला आला. वरून पेपरमिंट चघळलेलं होतं, पण आतला वास लपतो होय?"

मग तिने एकेक गोष्ट मांडली. बँकवाल्याची मुलगी होती, पुरावा मांडायची तिला सवय. पपांचा डबा पूर्वी नोकर नेई. आता रोज अकराच्या सुमाराला ममा स्वतः टोपली घेऊन कारखान्यात जातात आणि तासाभराने परततात. चॅपलच्या बायकांच्या दारूबंदी मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी वसंतात सोडलं. गुडघे दुखतात म्हणाल्या, आणि त्याच गुडघ्यांनी रोज कारखान्याचा जिना चढतात.

टॅबिथाने यातली प्रत्येक गोष्ट पाहिली होती, पण त्या एकमेकींना जोडाव्यात असं तिला सुचलं नव्हतं. याचीच तिला चुटपुट लागली. कुतूहल हा टॅबिथाचा आजारच होता. लहानपणी तिने घरातलं घड्याळ उघडून ठेवलं होतं आणि पुढे तिशी उलटली तरी लग्न जमलं नाही, कारण बघायला आलेल्यांना ती फार प्रश्न विचारत असे, असं घरचे म्हणत.

रूबेनला कुतूहल नव्हतं, काळजी होती. गुरुवारी पपा गावाला पाणपोई अर्पण करणार होते. टॅनर वस्तीत, म्हणजे जिथे तापाच्या साथीत दर घरातून निदान एक शवपेटी निघाली होती तिथे, टनिक्लिफांनी स्वतःच्या खर्चाने विहीर खणून दगडी पाणपोई बांधली होती. आख्ख्या जिल्ह्याचे लोक येणार होते. बिअरवाला गावाला पाणी पाजतोय, अशी थट्टा आधीच चालू होती. अशा दिवशी व्यासपीठावर ममांचा तोल गेला तर?

"पपांना माहीत असणार," रूबेन म्हणाला. "ते पांघरूण घालताहेत. दोघंही आता थकलेत, टॅबी. कारखाना कुणीतरी हातात घ्यायलाच हवा."

हे 'कुणीतरी' टॅबिथाला नवीन नव्हतं. रूबेन चाळिशीला आला तरी कारखान्याच्या कचेरीतच बसत होता. गाळपाच्या बाजूला वडील त्याला फिरकू देत नसत. तुला नाक नाही, एवढंच ते म्हणत, आणि त्यांच्याशी या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नव्हता. पेला नुसता नाकाखाली धरून, जव कुठल्या शिवारातलं आणि कडवटपणासाठी घालायची हॉप्सची फुलं ओली तोडलीत की वाळल्यावर, हे ते सांगत. लोक त्यांना गावाचं नाक म्हणत. तीनदा नगराध्यक्ष झाले त्यातही त्या नाकाचा वाटा होता. ज्याला बिअर फसवू शकत नाही त्याला ठेकेदार काय फसवणार, असा गावाचा हिशेब.

"तू जाऊन बघ," ऑगस्टा टॅबिथाला म्हणाली. "तुला कुणी अडवणार नाही. तू कुठेही नाक खुपसतेस, सगळ्यांना सवय आहे."

टॅबिथाला राग यायला हवा होता. पण ती उद्या कुठली टोपी घालावी याचाच विचार करत होती.

*

सोमवारी अकरानंतर थोडा वेळ जाऊ देऊन ती कारखान्यात शिरली. मोठमोठ्या हौदांतून जवाचा काढा उकळत होता आणि त्याच्या गोडसर वाफेने भिंती ओल्या झाल्या होत्या. चव घेण्याची खोली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. जिन्याच्या पायथ्याशी गाळपप्रमुख बेडोज उभे होते. मालक कामात आहेत, ते म्हणाले. मी थांबेन, ती म्हणाली. इथे पडायला होतं मिस, जिना ओला आहे, ते म्हणाले. मग वरच थांबते, असं म्हणून ती त्यांच्या बाजूने चढून गेली. बेडोज कपाळाला हात लावून तिथेच उभे राहिले.

दार पुरतं लागलेलं नव्हतं. आत खिडकीशी तिची आई उभी होती. टोपी काढून ठेवलेली, डोळे मिटलेले, हातात पेला. तिने तो नाकाखाली धरला, मग एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला. वडील समोरच्या स्टुलावर, शाळेतल्या पोरासारखे हात मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"कालच्यापेक्षा बरी," आई म्हणाली. "पण मागे काहीतरी राहतंय. ओल्या पोत्यासारखं. अँब्रोज, तू ते तिसरं पिंप धुऊन घेतलंस का?"

टॅबिथाला आधी बिअरचं काहीच वाटलं नाही. तिच्या कानात अडकलं ते 'तू'. साऱ्या आयुष्यात तिने आईच्या तोंडून 'मिस्टर टनिक्लिफ, तुम्ही' याखेरीज काही ऐकलं नव्हतं.

तिने दार ढकललं. वडील उठले, आई उठली नाही, तिने पेला तेवढा खाली ठेवला.

"बेडोजला म्हटलं होतं मी, तिला थोपवणं तुला जमायचं नाही," आई म्हणाली. "दार लाव."

मग बोलणं झालं. बरंचसं आईच बोलली. दोन हिवाळ्यांपूर्वी अँब्रोजना मोठा ताप आला होता, तो टॅबिथाला आठवत होता. ताप उतरला, माणूस उठला, पण नाक उठलं नाही. आधी त्यांना वाटलं सर्दी आहे. मग एके दिवशी हौदातली आंबलेली बिअर त्यांनी उत्तम म्हणून पास केली आणि बेडोजनी मालकाला न विचारता ती सगळी गटारात ओतली. त्या संध्याकाळी ते घरी येऊन पलंगावर बसून राहिले. कुणाला सांगायची सोय नव्हती. टनिक्लिफांची बिअर म्हणजे टनिक्लिफांचं नाक, असंच लंडनपर्यंतचे व्यापारी धरून चालले होते.

"पण ममा, तुला काय कळतं बिअरमधलं? तू तर कधी..."

"इतकी वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसतोय," आई म्हणाली. "कोट काढला की मला कळायचं, आज कुठल्या हौदाशी होता, बिघडलंय की जमलंय. चाखली नव्हती, एवढंच. पहिलं वर्षभर नुसता वास घेऊन सांगितलं. मग तोंडात घेऊन थुंकून पाहिलं. पण कडवटपणा गिळल्याशिवाय कळत नाही."

"मग गिळलीस?"

"मग गिळली. आणि मंडळ सोडलं. शपथ मोडून त्या खुर्चीत बसले नसते मी."

टॅबिथाने वडिलांकडे पाहिलं. गावासमोर घंटेसारखा वाजणारा तो माणूस जमिनीकडे बघत होता. तिने विचारलं, म्हणजे काहीच येत नाही? कशाचाच वास? ते म्हणाले, कशाचाच नाही. जेवण म्हणजे गरम आणि गार, मऊ आणि कडक. मग म्हणाले, घरात शिरलो तरी घर वाटत नाही, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं वाटतं.

तिने रूबेनला काही सांगितलं नाही. ऑगस्टाने विचारलं तेव्हा म्हणाली, ममा दारुडी नाही, एवढ्यावर विश्वास ठेव. ऑगस्टाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. टॅबिथाला ते विचित्र वाटलं.

*

गुरुवारपर्यंत आठवडाभर पाऊस लागून होता, तो त्या सकाळी उघडला. टॅनर वस्तीतल्या चौकात पताका लावल्या होत्या. बँड होता, शाळेची मुलं होती, बादल्या आणि कळशा घेऊन वस्तीतल्या बायका होत्या. एका बाजूला चॅपलची मंडळी आणि त्यांचे पाद्री, मिस्टर ऑकरॉइड, उभे होते. पाणपोईचं काम म्हणजे त्यांच्याही मनासारखं होतं. ज्येष्ठ नगरसेवक आणि नगरपालिकेच्या पाणी समितीचे प्रमुख, ऑल्डरमन पिम, नव्या टोपीत मिरवत होते. विहिरीवर त्यांची देखरेख होती.

ठरलं होतं ते असं, की डॉर्कसबाईंनी तोटी उघडायची, चांदीचा पेला भरायचा आणि नगराध्यक्षांच्या, म्हणजे नवऱ्याच्याच, हातात द्यायचा. त्यांनी तो पिऊन गावाला पाणी खुलं झाल्याचं जाहीर करायचं.

डॉर्कसबाईंनी तोटी उघडली. पाणी स्वच्छ होतं, काचेसारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढे उभ्या असलेल्या बायकांनी धारेखाली बादल्याही सरकवल्या. त्यांनी पेला भरला, वळल्या, आणि थांबल्या. टॅबिथा दोन हातांवर होती. सोमवारी खिडकीशी पाहिलेला चेहरा तिला पुन्हा दिसला.

"पिऊ नको," आई पुटपुटली. "गटार आहे यात."

रूबेन वडिलांच्या दुसऱ्या बाजूला होता. ओठ न हलवता तो म्हणाला, "ममा, पेला दे. लोक बघताहेत." त्याला काय वाटलं ते टॅबिथाला कळलं. त्याला वाटलं, गेला तोल.

ऑल्डरमन पिम पुढे सरकले. काय झालं, त्यांनी विचारलं. पाण्याला वास येतोय, डॉर्कसबाई म्हणाल्या, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. पिमनी पेला घेतला, नाकाला लावला, हसले. नवा नळ आहे, ते म्हणाले, लोखंडाचा वास येणारच. पाणी वसंतात तपासून घेतलंय, जाणकार माणसाकडून. बाईंचं मन हळवं आहे, त्यात आजचा दिवस.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं की मालकांनाच विचारा, त्यांच्या नाकाला विचारा. लोक हसले, बऱ्या मनाने हसले. पिमनी पेला अँब्रोजपुढे धरला.

"बाईसाहेबांचं राहू द्या," ते म्हणाले. "तुम्हाला काय वास येतो ते सांगा. गाव तुमचं ऐकेल."

अँब्रोजनी पेला नाकाखाली धरला. टॅबिथा मनातल्या मनात म्हणत होती, गटार म्हणा पपा, एकच शब्द, गटार म्हणा आणि घरी चला. ते म्हणू शकत होते. त्यांना उत्तर माहीत होतं, ते आत्ताच त्यांच्या कानात सांगितलं गेलं होतं. त्यांनी पेल्यावरून बायकोकडे पाहिलं, मग पिमकडे, मग बादल्यांच्या रांगेकडे.

"मला काही वास येत नाही," ते म्हणाले.

पिम मागे वळून लोकांना काही सांगणार होते. अँब्रोजनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"मला कशाचाच वास येत नाही. दोन वर्षं झाली. चवही नाही. तुम्ही दोन वर्षं माझी म्हणून जी बिअर नावाजताय, तिचं प्रत्येक पिंप या बाईने पास केलेलं आहे, आणि एकही परत आलेलं नाही. ती म्हणते गटार, म्हणजे गटार. तोटी बंद करा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कारखान्यातल्या माणसांनी बेडोजकडे पाहिलं आणि बेडोजनी होकाराची मान हलवली. मग एका बाईने भरलेली बादली फरशीवर उपडी केली आणि तिच्यामागून दुसऱ्या बायकांनी.

मिस्टर ऑकरॉइड व्यासपीठाच्या पायऱ्यांशी आले. माणूस वाईट नव्हता, त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी विचारलं, "सिस्टर डॉर्कस, हे खरं आहे?"

"हो," डॉर्कसबाई म्हणाल्या.

पाद्रीबाबा आणखी काहीतरी ऐकायला थांबले. त्यांना कारण हवं असावं, निदान पश्चात्ताप. डॉर्कसबाईंनी काही दिलं नाही. चॅपलच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि जवळून जाताना त्या मान वळवून गेल्या. त्यांतल्या कित्येकींच्या बाळंतपणात डॉर्कसबाई रात्रभर बसल्या होत्या. व्यासपीठावर त्यांच्याभोवती आपोआप रिकामी जागा झाली. रूबेन तिथेच होता, पण खिळल्यासारखा.

तेवढ्यात ऑगस्टा खुर्चीवरून उठली. झगा सावरत ती त्या रिकाम्या जागेत गेली आणि तिने सासूच्या हातात हात घातला.

"ममा, फरशी ओली आहे," ती म्हणाली. "माझ्या आधाराने चला." आणि सगळ्या चौकातून, चॅपलच्या मंडळींसमोरून, तिने त्यांना सावकाश, मुद्दाम सावकाश, गाडीपर्यंत नेलं.

*

दुसऱ्या दिवशी खणायला सुरुवात झाली. विहिरीपासून थोड्या अंतरावर, एका पडक्या घराखाली, कुणाच्याच माहितीत नसलेला जुना संडासाचा खड्डा सापडला. पावसाने त्याची भिंत ढासळली होती. खड्डा उपसला, विहीर वर टेकडीच्या बाजूला नव्याने घ्यायचं ठरलं. वस्तीत त्या हिवाळ्यात साथ आली नाही. आली असती की नाही, हे कोण सांगणार? पण त्या बादल्या ज्यांनी उपड्या केल्या त्या बायकांना याबद्दल शंका नव्हती.

लंडनच्या एका व्यापाऱ्याने टनिक्लिफांची बिअर घेणं थांबवलं. बाकीच्यांनी माणसं पाठवून चव घेऊन पाहिली आणि मुकाट्याने नेहमीची मागणी नोंदवली. चॅपलने डॉर्कसबाईंना सभासदांतून वगळलं. मिस्टर ऑकरॉइड स्वतः सांगायला आले, चहा न घेता गेले.

त्यानंतरच्या रविवारी डॉर्कसबाई कुठेच गेल्या नाहीत. अँब्रोज थोरल्या चर्चमधून आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात उगाचच वाटाणे सोलत होत्या. जेवायला सगळे बसले. रूबेनची जीभ पाणपोईच्या दिवसापासून आखडली होती, ती अजून सैल झाली नव्हती. आपण आईला दारुडी समजलो, हे त्याला कुणी बोलून दाखवलं नव्हतं आणि त्यामुळेच ते जास्त बोचत होतं.

सूप संपल्यावर अँब्रोज म्हणाले की नाक नसलेल्या माणसाला नगराध्यक्ष होता येतं, तसे पूर्वीही झालेत, पण त्याला बिअर करता येत नाही. म्हणून कारखाना रूबेनने घ्यावा. सगळा, गाळपासकट.

रूबेनने याची वीस वर्षं वाट पाहिली होती. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे.

"पण पास कोण करणार?" त्याने विचारलं.

"ते तिला विचार," अँब्रोज म्हणाले. "मी आता तिच्या वतीने बोलणार नाही. एकदा बोललो, त्याचं मला घरी ऐकून घ्यावं लागलं."

"लागणारच," डॉर्कसबाई म्हणाल्या. "गावासमोर बोलायच्या आधी मला विचारायचं तरी होतंस."

सगळ्यांच्या देखत 'तू' म्हणाल्या. नोकराच्या हातातली बशी वाजली.

रूबेन उठून टेबलाला वळसा घालून आईच्या खुर्चीशी गेला. उद्या अकरा वाजता येशील का ममा, एवढंच त्याने विचारलं. डॉर्कसबाईंनी त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, येईन, पण टॅबिथा बरोबर असेल. मी काही जन्मभर पुरणार नाही, आणि ती कारखान्याच्या दारातून परत जायची नाही, हे बेडोजनाही कळलंय. टॅबिथाच्या डोक्यात प्रश्न इतके झाले होते की आधी कुठला विचारावा तेच तिला कळेना.

भाजलेलं मांस आलं. अँब्रोजनी सुरी हातात घेतली, पण कापायला लागले नाहीत. ते बायकोकडे बघत होते. कित्येक वर्षांत टॅबिथाने त्यांना इतकं उत्सुक पाहिलं नव्हतं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "दोन वर्षं तू मला सांगतेस, ही बरोबर, ती आंबट, तिच्यात ओल्या पोत्याचा वास. पण तुला आवडते का ती? आमची बिअर?"

डॉर्कसबाईंनी विचार केला. खरोखर केला, घाई केली नाही.

"हिवाळ्यातली चांगली आहे," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यातली नाही आवडत. फार गोड करतोस तू. सुरुवातीपासूनच करत असणार, नाकाचा काही संबंध नाही."

"गोड?" अँब्रोजनी सुरी खाली ठेवली. "उन्हाळ्यातली? तीनदा पदक मिळालंय तिला."

"ज्यांनी दिलं त्यांनाही गोडच आवडत असेल."

ते खुर्ची मागे सारून तिच्याकडे वळले आणि जव किती भाजायचं, हॉप्स कधी टाकायची, हे तावातावाने सांगू लागले. त्याही सोडायला तयार नव्हत्या. मांस गार होत गेलं. ऑगस्टाने शेवटी सुरी रूबेनच्या हातात दिली, आणि तो कापू लागला.